कडी नसलेलं दार

ता. ४ जुलै

चिरंजीव गवंडीदादा, मावशीचे भरभरून आशीर्वाद.

आधी तुझ्या घरच्यांचं विचारते, माझं मागून. आईचे गुडघे कसे आहेत? पाऊस लागला की ते कुरकुरतात, असं तूच सांगितलं होतंस. त्यांना म्हणावं, माझेही त्याच वळणाचे आहेत. दोघी एका बाकावर बसलो तर शेजाऱ्यांची झोप उडेल. बायकोचा खोकला गेला का? शिलाई मशीनवर वाकून वाकून तिची पाठ धरते, तिला मधेमधे उठायला सांग. तुझं ती ऐकायची नाही, माझं नाव पुढे कर. थोरलीचं गणित सुटलं, की अजून हाताची बोटं संपली की पायाची मोजते? धाकटीला दात आले असतील. आणि तुझी करंगळी? दगडाखाली सापडून नख काळं पडलं होतं, ते गळून नवं आलं का? एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली, कारण विचारायला भीती वाटते. राग उतरला, की अजून नाकाच्या शेंड्यावर आहे?

तू न जेवता गेलास रे. एवढे महिने आमच्यात राहिलास, आमच्यासारखाच पत्र्याखाली तापलास, गळक्या कोपऱ्यात भिजलास, आमच्या घरांमागे ओळीने संडास बांधलेस. आणि निघायच्या दिवशी, ताटं वाढलेली असताना, थापी पिशवीत टाकून सडकेकडे चालू लागलास. मी हातात डाव घेऊन मागून हाका मारत होते. तू मागे बघितलं नाहीस. भात तसाच राहिला. संध्याकाळी कोणी खाल्ला नाही.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. जाता जाता शेवटची नजर टाकावी म्हणून तू पहिलं दार उघडलंस, तर आत कांद्याची पोती. दुसरं उघडलंस, तर अंथरुणांची चळत. तिसऱ्यात माझ्या शेजारणीची, आपल्या रेडिओची, कोंबडी पिल्लांसकट बसलेली. तिला रेडिओ का म्हणतात ते तुला सांगायला नको, तुझे कान तिने कमी खाल्ले नाहीत.

आता माझी बाजू ऐक. भूकंपाने घरं पडल्यापासून कोरडी, उंदीर न शिरणारी, कुलूप लागणारी जागा आमच्याकडे एकच होती, ती तू बांधलेली. बियाणं भिजलं असतं तर पेरायचं काय? आणि ती पांढरी फरशी. माझ्या चुलीपुढे उभ्या जन्मात अशी फरशी नव्हती. तिच्यावर पाय ठेवायचा तर आधी पाय धुवावेत असं वाटतं, आणि तू म्हणतोस तिथे बसा. मघाशी तो शब्द एकदा लिहिला तेवढा पुरे. मी आपली खोलीच म्हणणार, तू हसलास तरी.

तर पोती काढली. अंथरुणं काढली. कोंबडी रुसली, तरी काढली. खोल्या धुऊन पुसून आरशासारख्या ठेवल्यात. तू अचानक येऊन दार उघडलंस तरी एक डाग सापडायचा नाही.

एक चांगली बातमी. भूकंपाच्या दिवशी आपला वरच्या अंगाचा झरा आटला होता ना, तो पाऊस सुरू झाल्यावर खाली फुटलाय. उतरणीच्या पायथ्याशी. पाणी असं गोड की टँकरचं औषधाच्या वासाचं पाणी आता कोणी तोंडाला लावत नाही, भांडी घासायला वापरतात. पहाटे आम्ही बायका नेहमीसारख्या उतरणीवर जातो, तेव्हा वरून तो चकाकताना दिसतो. एवढं सगळं गेलं, पण जमिनीला आमची दया आली म्हणायची.

सूनबाई बरी आहे. सातवा लागलाय. जेवण जात नाही, थकते, मळमळतं म्हणते. असायचंच. मुलगा ढिगारे उपसायच्या कामावर जातो, नाकातोंडात माती घेऊन येतो.

तू बांधलंस त्याबद्दल हात जोडते. न जेवता गेलास त्याबद्दल कान धरायचा आहे, पण तो लांब आहे.

तुझी,
बिननात्याची मावशी


ता. १९ जुलै

चिरंजीव गवंडीदादा,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या लवकर उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. दोनच ओळी, पण दहादा वाचल्या. “मावशी, उतरणीवर अजून का जाता? झऱ्याचं पाणी आधी बंद करा.” मी तुला खुशालीचं पत्र लिहिलं आणि तू त्यातून नेमका दुखरा दात शोधलास.

कार्ड आलं तेव्हा उशीर झाला होता. सूनबाई आता शहरातल्या दवाखान्यात आहे.

एका सकाळी ती चूल पेटवायला वाकली आणि मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. डोळे पिवळे. मला वाटलं, जाळाचा उजेड पडलाय. उजेडात आणलं, तरी पिवळे. मी रेडिओला हाक मारली. ती नेहमीसारखी बोलत बोलत आली आणि सुनेकडे बघून एकदम गप्प झाली. ती गप्प झाली तेव्हा मी मुलाला नर्सबाईंकडे पळवलं.

नर्सबाई त्या दिवशी पलीकडच्या वस्तीवर होत्या, धावत आल्या. पापणी ओढून बघितली, नखं बघितली, लघवीचा रंग विचारला. मग माझ्या मुलाला म्हणाल्या, “गाडी बघ. उद्या नको, आत्ता.” गाडी मिळेपर्यंत त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. ही कावीळ घाण मिसळलेल्या पाण्यातून होते. तुम्हाआम्हाला झाली तर चार आठवडे अंथरुणात काढायचे, की उठलो. पोटुशी बाईला झाली तर तिचं सांगता येत नाही. तिचंही आणि पोटातल्याचंही.

मी म्हटलं, “अहो, पण पाणी तर काचेसारखं आहे.”

“काचेसारखंच असतं, मावशी,” त्या म्हणाल्या. “चव आणि रंग बघून हे कळत नाही.”

रेडिओला ते पटेना. “आमच्या आज्या-पणज्या त्याच उतरणीवर गेल्या. कधी कोणाला शिंक आली नाही.”

“तेव्हा झरा तुमच्या वर होता,” नर्सबाई म्हणाल्या. “आता खाली आलाय. तुम्ही जागेवरच आहात, पाणी सरकलं. पाऊस पडला की उतरणीवरचं सगळं धुऊन कुठे जातं?”

गोळा झालेल्या सगळ्या जणी वळून उतरणीकडे बघायला लागल्या. नर्सबाईंनी तुझ्या ओळीकडे हात केला. “आणि हे एवढे चांगले संडास? हे कशाला आहेत मग?”

एकेक करून सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

तुला खरं लिहायचं तर ते आता लिहिते, आणि तो शब्दही लिहिते. तुझा संडास आमच्यातल्या एकीनेही वापरलेला नाही. पोती होती तेव्हा पोत्यांचं निमित्त होतं. पोती काढली तेव्हा पांढऱ्या फरशीचं निमित्त झालं. ते मी तुला लिहिलं आणि तेवढं लिहून झाल्यावर मला बरं वाटलं. खरं कारण ती फरशी नाही. खरं कारण दार आहे.

त्या सकाळी मी मागच्या खोलीत डाळ काढायला गेले होते. वाऱ्याने आपटू नये म्हणून दार ओढून घेतलं. सूनबाई अंगणात कपडे वाळत घालत होती. जमीन हलली, खोलीची भिंत आत कोसळली आणि त्या दारावर टेकली. दार आत उघडणारं, मी आत. ओढू तर कुठे, मी पुढेच होऊ शकत नव्हते. हात छातीशी अडकलेला, तोंडात माती. मला वाटलं, संपलं.

आणि बाहेरून रेडिओचा आवाज. हिचं स्वतःचं घर समोर पडलेलं, आणि ही माझ्या दाराला तोंड लावून बसलेली. “ऐकू येतंय ना? ओ द्या. माझ्या नणंदेने पाहुण्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं होतं, ते सांगितलं होतं का तुम्हाला? ओ द्या.” मी ओ दिली की पुढचं वाक्य. नाही दिली की दार बडवायची. पहारी घेऊन माणसं येईपर्यंत ती थांबली नाही. गावातली सगळी लग्नं, सगळी भांडणं, कोणाचा भात करपला, सगळं मला त्या दारातून कळलं. आधी ती यायची चाहूल लागली की मी खिडकी ओढून घ्यायची, रे. आता तिचा आवाज ऐकू आला नाही तर मला जेवण जात नाही.

तेव्हापासून मला माझ्यामागे दार लावता येत नाही. आमच्या पत्र्याच्या घराला दार आहे, पण मी ते काढून पडदा लावलाय. तू एकदा विचारलंस, तर मी म्हटलं उकडतं. तुझ्या संडासात मी एकदा गेले होते, कोणाला न सांगता. कडी लावली आणि तशीच बाहेर आले, भिंतीला धरून. मग मी गेले नाही. मी नाही म्हणून रेडिओ नाही, रेडिओ नाही म्हणून बाकीच्या नाहीत. प्रत्येकीकडे स्वतःची दाराची गोष्ट आहे, पण मी वयाने मोठी, म्हणून त्या माझी वाट बघत राहिल्या.

गाडीत बसवताना मी सुनेला म्हटलं, “तू तरी जायचंस गं. तू तर अंगणात होतीस त्या दिवशी.”

ती हळूच म्हणाली, “तुम्ही जात नव्हतात ना. मला वाटलं, तुम्हाला आवडत नाही.”

तिने ते रागाने म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

आता तू शहाणा माणूस आहेस, दाराभिंतीतला आहेस. म्हातारीचं वेड म्हण, पण काहीतरी सांग. नर्सबाई म्हणतात, वस्तीतली ही घाण थांबली नाही तर सूनबाईला बरं करूनही इथे पाठवण्यात अर्थ नाही. तिच्यासारख्या आणखी दोघी पोटुशा आहेत इथे. झऱ्याला आम्ही काटे लावलेत, टँकरचं पाणी उकळून पितोय. उतरणीवर अजून जातोय, कारण दुसरं ठिकाण नाही. म्हणजे आहे, पण कसं जायचं ते कळत नाही.

माझा जीव टांगणीला लागलाय. मुलगा दवाखान्यात आहे, मी इथे.

तुझी मावशी


ता. ६ ऑगस्ट

चिरंजीव गवंडीदादा,

तुझं चार पानी पत्र आलं. आधी डोळ्याला पदर लावला, मग वाचलं, कारण पाकीट जाड बघूनच मला कळलं की राग गेला.

तू स्वतःबद्दल लिहिलंस ते मी कोणाला सांगितलं नाही. पडलेल्या घरांत इतकी वर्षं काम केल्यापासून तूही न्हाणीघराचं दार पुरतं लावत नाहीस आणि बायको हसते. तिला म्हणावं, हस, पण दार लावायला लावू नकोस. आणि आम्हाला भीती वाटते म्हणून तू आम्हाला वेड्यात काढलं नाहीस, उलट “हे मला आधी सुचायला हवं होतं” असं लिहिलंस. अरे, आम्ही तोंडाला कुलूप लावून बसलो होतो, तुला कसं सुचणार?

तू सांगितलंस तसं सगळं केलं. मुलगा दोन दिवसांसाठी आला होता, त्याने पाना-स्क्रू घेऊन तुझं पत्र समोर धरून काम केलं. दारं आत उघडत होती, ती बिजागऱ्या फिरवून बाहेर उघडणारी केली. आत काहीही पडो, आतल्या माणसाने बाहेर ढकललं की झालं. दाराच्या वर हातभर फट ठेवली, खाली वीतभर. खालून पाय दिसतात, वरून आभाळ दिसतं, मधलं काही दिसत नाही. आणि कडी काढली.

कडी काढायला सांगताना तुझं मन खट्टू झालं असणार, ते तुझ्या अक्षरावरूनच कळत होतं. चांगल्या पितळी कड्या होत्या, एकेक घासून बसवलेल्या. त्या जपून ठेवल्यात. त्यांच्या जागी तू सांगितलेली दोरी. दाराला बांधायची, टोक आत बसलेल्या बाईच्या हातात. धरून ठेवलं की दार लागलेलं, सोडलं की दार आपोआप उघडं. म्हणजे मी आत बेशुद्ध पडले तरी दार उघडेल. हे तू लिहिलंस तिथे मी थांबले आणि पुन्हा वाचलं.

आता पुढचं ऐक. दोरी झाली, फट झाली, सगळ्या जणी सकाळी गोळा झाल्या. आणि परत सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं. मी म्हटलं, “बघता काय, लग्नाची नवरी आहे का मी?”

रेडिओ म्हणाली, “जा की. मी बसते बाहेर.”

“बसून काय करणार?”

“काय करणार म्हणजे? बोलणार. दुसरं काय येतं मला?”

मी गेले. एक पाय आत टाकला तरी दुसरा बाहेरच अडला होता, ते तुला खोटं कशाला सांगू. दोरी ओढली. दार आलं. वर बघितलं तर ढग जात होते. आणि बाहेर ही सुरू. “परवा काय झालं माहितीये का, नर्सबाईंच्या गाडीत बसायला गेले तर त्या ड्रायव्हरने मलाच पेशंट समजून आडवं केलं. म्हटलं, बाबा, मी चांगली आहे. तर म्हणतो, सगळे असंच म्हणतात. ऐकताय ना? ओ द्या.”

“ओ,” मी म्हटलं.

“मोठ्याने.”

“ओ गं बाई, आत आहे, परगावी नाही.”

बाहेर सगळ्या हसल्या. ती हसण्याची लाट दाराखालच्या फटीतून आत आली आणि माझा श्वास मोकळा झाला. बाहेर आले तर सगळ्या अशा उभ्या, जणू मी नदी पोहून आले. रेडिओ म्हणाली, “झालं की नाही? उगाच एवढे दिवस माझ्या गोष्टी वाया घालवल्या.”

आता असं ठरलंय की पहाटे एकटी कोणी जात नाही. एक आत, एक बाहेर. बाहेरची बोलत राहते, आतली ओ देत राहते. ज्यांना बोलायला सुचत नाही त्यांच्यासाठी रेडिओ आहेच. ती सकाळभर ओळीसमोर दगडावर बसलेली असते आणि चारही दारांशी एकदम बोलते. एक सासू-सून महिनाभर अबोला धरून होत्या. आता सुनेला आत जायचं तर सासूला बोलावंच लागतं. सुरुवातीला सासू नुसते आकडे म्हणायची, एक, दोन, तीन. परवा ती तिला पोळलेल्या हाताला काय लावायचं ते सांगत होती.

पुरुषांचं विचारलंस म्हणून सांगते. त्यांना भीती वाटत नाही. असं ते म्हणतात. पण आमच्या समोरच्या पेन्शनर आजोबांनी मला हळूच विचारलं, “ती दोरीची व्यवस्था आमच्या बाजूलाही होईल का?” मी म्हटलं, होईल. दुसऱ्या दिवशी मुलाने पुरुषांच्या दारांनाही दोऱ्या बांधल्या. आता ते बाहेर उभे राहून हवापाण्याच्या गप्पा मारतात, फार मोठ्याने.

उतरणीवर नर्सबाईंनी चुना टाकून माती ओढून घेतली. डब्याला भोक पाडून नळासारखा केलाय, खाली साबण बांधलाय. हात धुतल्याशिवाय रेडिओ कोणाला पुढे सोडत नाही. तिला तपासणीचा अधिकार मिळाल्यासारखं झालंय.

सूनबाईचं मात्र काय लिहू? मधे दोन दिवस तिने कोणाला ओळखलं नाही. डॉक्टरांनी मुलाला बाहेर बोलावून सांगितलं की मन घट्ट करून ठेवा. त्याने ते मला सांगितलं आणि मग म्हणाला, “आई, ते दाराचं काम मी आधी पूर्ण करतो.” म्हणून त्याने ते काम केलं. एक स्क्रूही त्याने वाकडा बसू दिला नाही. काल निरोप आला, ती डोळे उघडून पाणी मागते. पोटातलं हलतंय.

तुझ्या आईला सांग, त्यांच्या गुडघ्यांसाठी मी काही करू शकत नाही, पण असा मुलगा वाढवल्याबद्दल त्यांच्या पाया पडते.

तुझी मावशी


ता. २१ सप्टेंबर

चिरंजीव गवंडीदादा,

तू आजोबा झालास, असं मी परस्पर ठरवलंय. वयाने मामा शोभला असतास, पण आमच्या घरात आजोबाची जागा रिकामी आहे आणि मामाची भरलेली आहे. तेव्हा तक्रार करू नकोस.

मुलगी झाली. थोडी लवकर आली आणि ओंजळीत मावेल एवढी. पहिले काही दिवस काचेच्या पेटीत होती. मी दवाखान्यात गेले तेव्हा परिचारिकेने मला हात कोपरापर्यंत धुवायला लावले, आणि मी धुतले तेव्हा ती म्हणाली, “आजी, तुम्हाला सांगावं लागत नाही, छान धुता.” मी म्हटलं, आमच्याकडे यापेक्षा कडक बाई आहे.

सूनबाईच्या डोळ्यांतला पिवळेपणा हळूहळू गेला. आधी पांढऱ्याच्या कडा आल्या, मग एके दिवशी मी बघितलं तर स्वच्छ. मी तिच्या डोळ्यांत इतकी टक लावून बघत होते की ती लाजली. “काय बघता?” म्हणाली. मी म्हटलं, “काही नाही, पांढरं बघते.” तिला काय समजलं कोण जाणे. ती माझा हात धरून बसली, मीही सोडवून घेतला नाही.

सोडताना तिथल्या डॉक्टरांनी आपल्या नर्सबाईंना विचारलं, वस्तीवर पाठवू का. नर्सबाईंनी त्यांना सांगितलं की तिकडून नवा काविळीचा एकही रुग्ण आलेला नाही आणि त्या दोघी पोटुशा बायाही ठणठणीत आहेत. मग त्यांनी कागदावर सही केली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या सहीच्या आवाजाने कळलं. त्यांचं पेन कुरकुरणारं होतं.

घरी आली त्या दिवशी काय गर्दी झाली म्हणून सांगू. रेडिओने बाळाला बघून पहिल्यांदा काय म्हटलं असेल? “अगं, हिला माझं सगळं ऐकायचंय अजून, पहिल्यापासून.” सूनबाई हसली. बऱ्याच दिवसांनी तिचे दात दिसले.

आज सकाळचंच सांगते, त्यासाठीच पत्र लिहायला बसले. उजाडताना सूनबाई म्हणाली, मला जायचंय. मी म्हटलं, चल. पोरीला दुपट्यात गुंडाळून मी मांडीवर घेतलं आणि दगडावर बसले. रेडिओ अजून उठलेली नव्हती. सूनबाई आत गेली, दोरी ओढली. दार बंद झालं. ती आत आणि मी बाहेर, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मला वाटलं, ही दमलेली आहे, अशक्त आहे, घाबरेल. म्हणून मी सुरू केलं. काय बोलले ते आठवत नाही. डाळीचं बोलले, टँकरवाल्याचं बोलले, तुझी धाकटी मुलगी बोटं चावते असं तू लिहिलंस, ते बोलले. मधेमधे “ओ दे” म्हणत होते. ती ओ देत होती. मग मी आवाज वाढवला, न जाणो तिला नीट ऐकू येत नसेल.

आतून आवाज आला, “सासूबाई.”

“काय गं? काय झालं? येऊ का?”

“जरा गप्प बसता का. बाळ उठेल.”

मी गप्प बसले. दुपट्यात बघितलं तर पोरगी खरंच झोपलेली, तोंड उघडं. दाराखाली सुनेचे पाय दिसत होते, निवांत. कुठून आवाज नव्हता. मी तशीच बसून राहिले, आणि मला जरासुद्धा भीती वाटली नाही, तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी नाही. रेडिओ डोळे चोळत आली आणि तोंड उघडणार एवढ्यात मी बोट ओठावर ठेवलं. तिने बिचारीने कधी नव्हे ते ऐकलं. दोघी शेजारी शेजारी बसलो. तुझ्या भिंतीवर ऊन यायला लागलं.

अरे, माणसाने एवढं दिलं की आभार मानायला शब्द पुरत नाहीत, तर तो काय करतो? भात घालतो. तुझा भात आमच्याकडे बाकी आहे. बायकोला, मुलींना, आईला घेऊन ये. आईला गाडीतून उतरवून थेट बाकावर बसवू, चालायचं काम नाही.

आता कामाचं, आणि याला उशीर करू नकोस. आमची पक्की घरं वर आली आहेत, भिंती झाल्या, महिनाअखेरीला सुतार दारं बसवायला येतोय. त्याने आणलेली सगळी दारं आत उघडणारी आहेत. आम्ही बायकांनी त्याला सांगितलं, बाहेर उघडणारी बसव. तो म्हणतो, घराचं दार बाहेर कुठे उघडतं का, लोक हसतील, पाऊस आत येईल, आणि कडी नको म्हणणाऱ्या बायका त्याने जन्मात पाहिल्या नाहीत. कडी आम्ही घेऊ म्हटलं, चोराचिलटासाठी हवीच, पण दार बाहेरच उघडलं पाहिजे. तो ऐकत नाही. रेडिओने त्याला दुपारभर समजावलं, तर तो कानात कापूस घालून आला. तो तुला ओळखतो, तुझ्या हाताखाली त्याने काम केलंय, तुझा शब्द मोडणार नाही. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून उंबऱ्याला काय करायचं, तेही त्याला नीट चित्र काढून दाखव. पत्र त्याच्या नावे न लिहिता माझ्या नावे लिही, म्हणजे मी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचेन.

तेव्हा करंगळी बरी असेल तर आजच लिहायला बस. आणि बरी नसेल तर थोरलीला सांग, तू सांगत जा, ती लिहील. पोस्टमन वस्तीवर फक्त बुधवारी येतो. येत्या बुधवारी नाही जमलं तर त्याच्या पुढच्या बुधवारी तरी तुझं पाकीट माझ्या हातात पडू दे. मी सडकेपर्यंत जाऊन त्याची वाट बघेन, पोरीला दुपट्यात घेऊन.

तुझी,
आता नात्यातलीच, मावशी